सगळ्यांसाठी एकच मांडणी

आमच्या कंपनीत कुणाला ‘जा’ म्हणून सांगत नाहीत. त्याचं त्याला कळू देतात.

ओरितो-सानचं असंच झालं. आधी त्यांच्या मेलना उत्तरं येईनाशी झाली. मग सीसीच्या रांगेतून त्यांचं नाव गळलं. मग ‘इथे उजेड चांगला आहे’ असं म्हणून त्यांचं टेबल खिडकीशी, जुन्या कॉपी मशीनच्या शेजारी गेलं. कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही, उलट सगळे जास्तच अदबीने वागत होते. वसंतात ओरितो-सान स्वतःच राजीनाम्याचा पांढरा लिफाफा घेऊन साहेबांपुढे उभे राहिले आणि आम्ही सगळे म्हणालो, "अरेरे, असं अचानक?" मीही म्हणालो. त्यांच्या निरोपाची फुलं मीच आणली होती.

मी मिझुहाशी. जपानात ताकाओकाला खिडक्यांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटी बनवणारी कंपनी आहे, तिच्या कार्यालयीन विभागात होतो. ज्या कामाला कंपनीत दुसरा धनी नाही ते आमच्या विभागाचं, आणि विभागात ज्याला धनी नाही ते माझं. आगीची कवायत, प्रिंटरची शाई, अंगणातला बर्फ वितळवणाऱ्या पाण्याच्या नळ्या, निरोपाची फुलं. विभागात आम्ही चौघंच. प्रमुख याताबे, त्यांना सगळे काचो म्हणत; ते माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. तोगावा-सान निवृत्तीला टेकलेल्या, जिभेला हाड नसलेल्या. आणि नोगामी, सगळ्यात लहान, अजून शिक्का सरळ मारणारा. आमच्याकडे कागदावर शिक्का मारताना हाताखालच्याने आपला शिक्का डावीकडे जरा कलता मारायचा असतो. डावीकडच्या चौकोनात साहेबांचा शिक्का येतो, त्याला वाकून नमस्कार केल्यासारखा. नोगामीने एकदा ताठ मारला, तर तोगावा-साननी त्याला नवा कागद घ्यायला लावला होता.

ओरितो-सान गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मी माझ्या मेलच्या फोल्डरची मांडणी लावून घेतली. आज उत्तर हवं ते मेल वर, लाल. नुसते कळावेत म्हणून आलेले खाली, करडे. बाहेरच्या लोकांचे निळे. आणखी माझ्या सोयीच्या दोनचार बारीक अटी. शेजारी बसलेल्या माणसालाही आम्ही मेल करणार आणि वर विभागाच्या सामायिक पत्त्यावर सीसी टाकणार, त्यामुळे इनबॉक्सचा नुसता उकिरडा झालेला असायचा. माझा मात्र लख्ख.

"बघू बघू," तोगावा-सान माझ्या खांद्यावरून वाकल्या. "अगबाई, किती नीटनेटकं! घरी मोज्यांच्या जोड्या तुम्हीच लावता वाटतं?"

"तुमचे मेल खाली जातात. करड्यात."

"जाऊ देत की. केसही करडेच आहेत."

काचोंनी ते ऐकलं, येऊन पाहिलं, आणि सोमवारच्या सकाळच्या सभेत जाहीर केलं, "आजपासून विभागात सगळ्यांची मांडणी एकच. कुणी रजेवर गेलं तरी दुसऱ्याला काय कुठे आहे ते कळलं पाहिजे. मिझुहाशी-सान, तुमची मांडणी सगळ्यांना शेअर करा."

माझे कान गरम झाले. इतक्या वर्षांत सभेत माझं नाव फक्त आगीच्या कवायतीच्या दिवशी निघायचं. मी मांडणी सेव्ह केली, ‘विभागाची मांडणी’ असं नाव दिलं, तिघांच्या नावांपुढे खूण केली आणि शेअर केली. तिघांनी माझ्यासमोर ती आपापल्या इनबॉक्सवर लावली. घरी जाताना मी बायकोसाठी, साचिएसाठी, मासूझुशीची, म्हणजे मासा-भाताची, डबी घेतली.

त्यानंतर माझ्या मेलना उत्तरं येईनाशी झाली.

पहिल्यांदा प्रिंटरच्या शाईबद्दल विचारलं होतं, काळीच मागवू की रंगीतही. कुणी काही बोललं नाही. म्हटलं, गडबडीत असतील. मग आगीच्या कवायतीच्या दोन तारखा कळवल्या, कुठली सोयीची ते कळवा म्हणून. शांतता. मार्चमधल्या निरोपाच्या जेवणाला कोण कोण येणार, असा मेल टाकला. त्याला तर दरवर्षी तोगावा-सानचं उत्तर आधी येतं, ‘खेकडा असेल तर येणार, नसेल तरी येणार.’ या वेळी तेही नाही. मनात पाल चुकचुकली. समोर नोगामी बसला होता, हाताच्या अंतरावर, खाली मान घालून टाइप करत होता. विचारायला फक्त तोंड उघडायचं होतं.

तुम्ही म्हणाल, मग उघडायचं होतंत. उघडून काय विचारू? ‘माझ्या मेलला उत्तर का देत नाही?’ हे विचारणं म्हणजे समोरच्याला तोंडाने सांगायला भाग पाडणं. आणि त्याने सांगितलं तर? न सांगितलेलं आहे तोवर माणसाला निदान खुर्ची तरी असते.

गंमत म्हणजे इतर विभागांची उत्तरं नेहमीसारखी येत होती. हिशेब विभाग, गोदाम, सगळे व्यवस्थित. गप्प होते ते फक्त माझे तिघं. त्यानेच माझं धाबं दणाणलं. घरचं मरण घरच्यांना आधी कळतं.

मार्चच्या मध्याला बदल्यांचे निरोप येतात. पन्नाशी उलटलेल्याला दोनच निरोप येऊ शकतात. एक पांढरा लिफाफा, जो आपणच आणायचा. दुसरा दूर दक्षिणेतलं क्युशूचं गोदाम. तिकडे गेलेला माणूस एका खोलीत एकटा राहतो, सुट्टीच्या दिवशी धुणं धुतो आणि वर्षातून दोनदा घरी येतो. साचिए माझ्याबरोबर येऊ शकली नसती. तिची आई आमच्याकडेच असते, अंथरुणाला खिळलेली, आणि मुलीच्या हाताशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून घास घेत नाही. आणि एकट्याने राहायची मला भीती वाटते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पन्नाशीच्या पुरुषाने हे सांगायचंही नसतं.

मी काय केलं, तर काम दुप्पट केलं. उत्तर न आलेल्या मेलमधलं प्रत्येक काम उठून स्वतःच उरकलं. शाई दोन्ही मागवली. कवायतीची तारीख मीच ठरवली आणि सगळ्या मजल्यांवर चिकटवून आलो. जेवणासाठी गेल्या वर्षीइतक्याच जागा राखल्या, खेकड्यासकट. नळ्यांचा पंप तुंबला, तर कुणाची वाट न बघता बाही वर करून गाळ काढला. वाटायचं, कामात कुठे फट दिसायला नको, त्या फटीतूनच माणसाला बाहेर ढकलतात.

पण सगळीकडे खुणाच दिसत होत्या. काचो समोरून आले की जरा जास्त वाकायचे. नोगामी मी खोलीत शिरलो की बोलता बोलता थांबायचा. आणि एक दिवस जेवणाच्या सुट्टीनंतर माझ्या कीबोर्डवर योकानची एक वडी ठेवलेली होती, सोनेरी कागदातली. तोगावा-सान माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गोड खात जा, मिझुहाशी-सान. अंगात त्राण राहतं."

या बाईने इतक्या वर्षांत मला टोमण्याशिवाय काही दिलं नव्हतं. वडी मी तशीच खणात ठेवून दिली. ओरितो-सानना त्या शेवटी शेवटी संत्री देत असत.

"अहो, दाइकोन गार झाला," त्या संध्याकाळी जेवताना साचिए म्हणाली.

"हं."

"ऑफिसात काही झालंय का?"

"कुठे काय? सगळे माझीच मांडणी वापरतात."

"मग चॉपस्टिक का थरथरतायत?"

"थंडी आहे," मी म्हणालो. हीटर माझ्या पायाशीच होता.

फेब्रुवारीच्या अखेरीस आमच्याकडचा तो ओला, जड बर्फ पडला. दोन दिवस पडत राहिला, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी एकदम ऊन आलं. मी अंगणात नळ्या बघायला गेलो होतो. गोदामाच्या पत्र्यावर बर्फाचा थर पुढे सरकून कडेबाहेर जिभेसारखा लोंबत होता. खालून मागच्या फाटकाकडे, कर्मचाऱ्यांच्या गाड्यांपाशी जाणारी अरुंद वाट होती. पत्रा करकरत होता.

मी वर येऊन मेल टाकला. तातडीचं, असं लिहून. ‘गोदामाच्या छपरावरचा बर्फ सुटतो आहे. मागच्या फाटकाकडे कुणीही जाऊ नये. दोरी बांधायला जातो आहे.’ आणि मान वर करून तिघांकडे पाहिलं. कुणाची पापणी हलली नाही. काचो फोनवर होते. तोगावा-सान पावत्या लावत होत्या. नोगामीने कोट चढवला, गाडीची किल्ली खुळखुळवली आणि बँकेत जाऊन येतो म्हणून निघाला. मला वाटलं, वाचलं असेल. पुढच्या दाराने जाऊन वळसा घालेल. तोंडाने सांगावंसं वाटलं, पण इतक्या दिवसांच्या शांततेने माझी जीभच लुळी पडली होती. मी कपाटातून दोरी काढली आणि सहज खिडकीतून पाहिलं.

तो गोदामाच्या कोपऱ्याकडे वळत होता.

एक क्षण, लाज वाटते पण होता तो, एक क्षण माझ्या मनात आलं की याला माझं वाचूच नको असं सांगितलेलं दिसतंय, अगदी हेसुद्धा. मग पायाखालचा जिना कधी संपला कळलं नाही. मी आतल्या चपलांनी बर्फात धावत होतो.

"नोगामी! मागे! मागे फिर!"

तो वळला आणि मी वेडा झालोय अशा नजरेने पाहत राहिला. मी ओरडतोय हे त्याला नवीन होतं, मलाही. छपरावर काहीतरी तटकन तुटल्यासारखं झालं. मी त्याचा कोट धरला आणि दोघंही पाठीवर आपटलो. मग वाटेवर अख्खी भिंत कोसळावी तसा बर्फ आला. आवाज मोठा नव्हता. नुसतं धप्प झालं, आणि नोगामी जिथे उभा होता तिथे माणसाच्या उंचीचा ढीग होता.

त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"मिझुहाशी-सान," तो शेवटी म्हणाला, "तुम्ही ओरडूही शकता?"

"मेल वाचला नाहीस?" माझा आवाज फाटला. "आत्ता पाठवला होता! तातडीचा!"

"कुठला मेल?"

"माझा! निदान हा तरी वाचायचास रे!"

"पण तुमचे मेल येतच नाहीत," तो म्हणाला. "फेब्रुवारी लागल्यापासून एकही नाही. मी विचारणार होतो. तर तोगावा-सान म्हणाल्या, गप्प बस, त्यांना वरून काहीतरी कळलेलं दिसतंय. माणूस असा गप्प झाला की त्याला सतवू नये. म्हणून आम्ही..."

आम्ही दोघं ओल्या विजारींनी वर गेलो आणि त्याच्या स्क्रीनसमोर उभे राहिलो. लाल, निळे, करडे, सगळं माझ्या हाताने लावल्याप्रमाणे लख्ख. माझा एकही मेल नाही. मी मांडणीच्या अटी उघडल्या. शेवटची ओळ माझीच होती: ‘मिझुहाशीकडून आलेले मेल दाखवू नयेत.’

सामायिक पत्त्यात मीही असल्यामुळे माझेच मेल मला परत येत. आपलंच तोंड दिवसभर कशाला बघायचं, म्हणून ती अट मी घातली होती. मांडणी शेअर केली तेव्हा अटही गेली. माझ्या इनबॉक्समध्ये मी लपलोच होतो, त्यामुळे मला काही चुकल्यासारखं दिसलं नाही. आपल्याच हाताने मी स्वतःला तिघांच्या नजरेआड केलं होतं.

मी त्या अटीपुढची खूण काढली. मेल धडाधड उतरले, सगळे ठळक अक्षरांत, न वाचलेले. शाई. कवायत. खेकडा. ‘कृपया कळवावे.’ ‘पुन्हा एकदा आठवण.’ आणि सगळ्यात वर लाल रंगात, तातडीचं.

"अगबाई," तोगावा-सान म्हणाल्या. त्यांनी तोंडावर हात धरला होता. "आणि मी तुम्हाला योकान देत बसले."

मला रडू फुटलं. हसूही. भीती गेली की अंग कसं पिळलेल्या फडक्यासारखं सैल पडतं, तसं झालं. मला कुणी काढणार नव्हतं. ही सगळी भुतं मीच उभी केली होती.

काचो आले. त्यांना सगळं सांगितलं, मेल दाखवले. ते एकेक वरून खाली वाचत गेले, मग मोकळेपणाने हसले. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जाऊ द्या, मिझुहाशी-सान. मनाला लावून घेऊ नका. तुमचा एकही मेल न वाचता इतके दिवस कुठे काही अडलं नाही, हेच नशीब."

माणूस भला. धीर द्यायलाच बोलला होता. पण ते वाक्य खोलीत तसंच राहिलं. नोगामीने मान खाली घातली. तोगावा-सान पुन्हा पावत्यांकडे वळल्या. अडलं नाही, कारण मी अडू दिलं नाही, हे म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. स्वतःच्या कष्टांची थाळी वाजवणारा माणूस आमच्याकडे हलका समजतात.

झाल्या प्रकाराचा अहवाल लिहायचा, ही रीत. एकच पान असतं. कारण काय, कामावर परिणाम काय, पुढे काय काळजी घेणार. कारण लिहायला वेळ लागला नाही. दुसऱ्या रकान्याशी माझा हात थांबला.

"काय लिहिताय तिथे?" तोगावा-सान हळूच म्हणाल्या.

"बघतो."

"बघता काय? लिहा की, पोरगं बर्फाखाली जाता जाता वाचलं. आणि बाकीचं तुम्ही एकट्याने ओढलंत, तेही लिहा."

"ते लिहिलं तर चौकशी येईल. सगळ्यांनी हीच मांडणी लावा, असं काचोंनी सांगितलं होतं. आणि नोगामी मागच्या वाटेने का गेला, तेही विचारतील."

"विचारू देत. आणि नाही लिहिलंत तर?"

मी पेन पुन्हा रकान्यावर टेकवलं. समोर नोगामी ताठ बसला होता, माझ्याकडे न बघता, पण त्याचे कान लाल झाले होते. पलीकडे काचो काचेआड उभे होते, कागदाची वाट बघत. ते घाई करत नव्हते. मला सगळ्यांचं मन वाचता येत होतं, नेहमीसारखं. ‘कामावर परिणाम: विशेष नाही,’ असं मी लिहिलं. शिक्का शाईत टेकवला आणि मारला.

"धन्यवाद," नोगामी इतक्या हळू म्हणाला की मलाच ऐकू आलं. तोगावा-सान उठून चहा करायला गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत.

काचोंनी कागद वाचला आणि शेजारी आपला शिक्का मारला. "तुम्ही समजूतदार आहात," ते म्हणाले. पान वर गेलं.

मार्चच्या मध्याला, बर्फ काळा पडून नाल्यांच्या कडेला उरला होता तेव्हा, माझ्या खांद्यावर एक हात टेकला. अगदी हलका.

"मिझुहाशी-सान, एक मिनिट आहे का?"

छोट्या खोलीत दोन खुर्च्या होत्या आणि मध्ये टेबल. काचो माझ्याहून जास्त अवघडले होते. माझी जागा यापुढे ठेवायची नाही असं वर ठरलंय, ते म्हणाले, कामं तिघांत वाटता येतील असं दिसतंय. मग खिडकीबाहेर बघत राहिले.

"क्युशूचं हवामान छान आहे," ते म्हणाले. "तिकडे बर्फ नसतो."

मी मान लववली. आभार मानले. साचिएला काय सांगायचं, तिच्या आईला संध्याकाळी उचलून बसवायला कोण, एका खोलीत एकट्याने जेवायचं म्हणजे काय, हे सगळं एकदम छातीवर आलं.

टेबलावर तो अहवाल होता. ‘विशेष नाही’ या शब्दांखाली वर कुणीतरी पेन्सिलीने रेघ ओढली होती. त्याच्याखाली माझा लाल शिक्का, काचोंच्या शिक्क्याकडे कललेला. फार छान उमटला होता.